उरलेल्या पंचवीस दातांचा विचार आधी

"डॉक्टर, नमस्कार. मी ५९ वर्षांची आहे. सिंहगड रस्त्याला राहते, घरून पोळी-भाजीच्या ऑर्डरी करते. खाली डावीकडच्या शेवटच्या दोन दाढा नाहीत. एक सहा वर्षांपूर्वी काढली, दुसरी गेल्या वर्षी. पाडव्याच्या सुमारास वरची उजवीकडची छोटी दाढ हलून हलून हातातच आली. अक्कलदाढा पूर्वीच काढल्यात. आता वरचा समोरचा एक दात हलायला लागलाय. दहा वर्षांपासून शुगर आहे. तीन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले ब्रिज करू, दुसऱ्या म्हणाल्या इम्प्लांट करा, तिसरे म्हणाले सगळे काढून कवळी बसवा, कटकट संपेल. पोळ्यांच्या पैशातून साठवलेले ऐंशी हजार माझ्याजवळ आहेत. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे. मिस्टर म्हणतात, या वयात दातांवर एवढा खर्च कशाला? हल्ली भाकरी सोडली, मऊ भात नाहीतर चहात बुडवून खारी खाते. हसताना आपोआप पदर तोंडावर जातो. काय करू?"
– एक वाचक, सिंहगड रस्ता

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी 'खारी'पाशी थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. दहा वर्षं शुगर असलेली बाई भाकरी, काकडी, मोडाची मटकी सोडून मऊ भात आणि मैद्याची खारी खाते, ती हौसेनं नाही, चावता येत नाही म्हणून. साखर वाढते, साखरेमुळे हिरड्या आणखी बिघडतात, आणखी दात हलतात, खाणं आणखी मऊ होतं. हे चक्र तुमच्या घरात सुरू झालेलं आहे. मिस्टरांना हे पत्रच वाचायला द्या. साठीनंतर वीस-पंचवीस वर्षं रोज दोन वेळा जेवायचं असतं. त्या जेवणासाठीचा खर्च हौसेत मोजू नका.

आता तिन्ही डॉक्टरांचं. तिघांनी तीन उत्तरं दिली म्हणून तुम्ही गोंधळलात, ते साहजिक आहे. पण तुमच्या तोंडात प्रश्नच तीन आहेत. खालची डावी बाजू, वरची उजवी जागा आणि हलणारा पुढचा दात. ब्रिज म्हणजे पुढच्या-मागच्या दातांवर टेकवलेला मधला खोटा दात. तो म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा वरची जागा असणार, कारण खाली डावीकडे ब्रिज टेकवायला मागे दाढच नाही. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, म्हणणाऱ्या खालच्या बाजूबद्दल बोलत असणार. म्हणजे पहिले दोघं एकमेकांना खोडत नसावेत. तिसऱ्यांचा सल्ला मात्र मला पटत नाही, आणि का ते नीट सांगते.

अक्कलदाढा सोडल्या तर आपले दात अठ्ठावीस. तुमचे तीन गेले, पंचवीस उरले. माझं सगळं म्हणणं या पंचविसांभोवती आहे. गेलेल्या तीन जागी काय बसवायचं हे ठरवताना दर वेळी एकच विचारा: याने माझे उरलेले दात जास्त टिकतील की लवकर जातील? सगळे काढून टाकणं हे त्या प्रश्नाला दिलेलं सगळ्यात वाईट उत्तर आहे. एक दात हलतोय म्हणून बाकी चोवीस काढायचे नसतात. पूर्ण कवळी हिरडीवर नुसती बसलेली असते, हाडात रुजलेली नसते. नैसर्गिक दातांच्या चौथा-पाचवा हिस्साच जोर तिच्यानं लावता येतो. वरची निदान टाळूला चिकटून बसते. खालची जिभेच्या प्रत्येक हालचालीबरोबर उचलली जाते. शिवाय दात गेले की जबड्याचं हाड झिजत राहतं, आणि वर्षानुवर्षांच्या हिशेबात खालचं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजतं. आज घट्ट बसलेली कवळी म्हणूनच पाच-सात वर्षांत सैल होते.

माझ्या आईचे सगळे दात असेच एका ठिकाणी एकदम काढले होते. मी तेव्हा डेंटल कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, मला काही कळत नव्हतं. पुढे प्रत्येक पंगतीत ती पान वाढून होईपर्यंत थांबायची, मग खालची कवळी हळूच काढून रुमालात गुंडाळायची, मांडीखाली ठेवायची आणि मगच जेवायची. हिरड्यांनी. तिच्या पानातली बटाट्याची भाजी आणि वरणभात संपायचा, बाकीचं तसंच राहायचं. म्हणून हे मी इतकं ठासून लिहितेय. ज्यांचे दात खरंच सगळे गेलेत त्यांना कवळी लागतेच, आणि चांगली कवळी मोठा आधार असते. अशांनी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवून घ्यावी, ती हलत नाही. पण तुम्ही त्या वाटेवर नाही, ताई. कुणी ढकललं तरी जाऊ नका.

तर पहिलं काम हिरड्यांचं. तुमची छोटी दाढ किडून गेलेली नाही, हलून गेली. याला आपल्याकडे पायरिया म्हणतात. दाताच्या मुळाशी कीटण साचतं, हिरडी सुजते आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू खचतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. हे थांबवल्याशिवाय ब्रिज केला तर त्याला खांब म्हणून धरलेले दात हलतील. इम्प्लांट केलं तर तेही यातून वाचणार नाही, त्याच्याभोवतीचं हाडही याच रोगानं खचतं. म्हणून आधी खोल सफाई करून घ्या. हिरडीच्या आत मुळापर्यंत, भूल देऊन, दोन-चार वेळा बसून. 'साफसफाई केली की दात हलायला लागतात' हे तुम्ही शेजारीपाजारी ऐकलं असेल. दात आधीच हललेला असतो, कीटणाच्या लेपानं तो वरवर धरून ठेवलेला असतो. लेप निघाला की फट जाणवते, दोन-चार आठवड्यांत हिरडी आक्रसून घट्ट होते. सफाईनंतर सहा-आठ आठवड्यांनी हिरडी दातापासून किती सुटलेली आहे ते पुन्हा मोजून घ्यायचं. तोवर तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, एचबीए१सी, सातच्या आसपास आणता आली तर उत्तम. हिरड्या बऱ्या झाल्या की साखरही थोडी सुधारते. आणि मिसरी लावत असाल तर ती आजपासून बंद. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझ्या खुर्चीत बसलेल्या कितीतरी बायका हे तिसऱ्या भेटीत सांगतात, म्हणून विचारून ठेवलं.

पुढच्या हलणाऱ्या दाताला इतक्यात हात लावू देऊ नका. सफाईनंतर तो किती घट्ट होतो ते बघून, गरज पडली तर मागच्या बाजूनं शेजारच्या दातांना बारीक तारेनं किंवा धाग्यासारख्या फायबरनं बांधता येतो. नाहीच वाचला, तर एक युक्ती मला फार आवडते. दात काढायचा, मूळ कापून टाकायचं, आणि वरचा भाग, म्हणजे तुमचाच दात, शेजारच्या दोन दातांना मागून चिकटवून त्याच जागी बसवायचा. रंग जुळवायचा प्रश्नच नाही, कारण तो तुमचाच आहे. कायमचा इलाज नाही, पण लग्नापर्यंत आणि त्यानंतरही बरेच महिने तो तुम्हाला साथ देईल. त्या दातानं पेरू मात्र तोडायचा नाही.

खालची डावी बाजू. आज आरशासमोर उजेडात तोंड उघडून बघा, वरची डावी दाढ शेजारच्या दातांच्या रेषेच्या खाली उतरलीय का? सहा वर्षं समोर कुणी नाही म्हटल्यावर दाढ टेकायला जागा शोधत खाली येते. फार उतरली असेल तर खाली नवी दाढ बसवायला उंचीच उरत नाही, आधी वरची घासावी लागते. हे तपासल्याशिवाय कुणी इम्प्लांटचा दिवस ठरवत असेल तर थांबवा.

इथे तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. एक, काहीच न करणं. हा आळस नव्हे, मान्य केलेला पर्याय आहे. १९८०च्या दशकात नेदरलँडमधल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की शेवटच्या दाढा नसल्या तरी पुढचे आणि मधले वीसेक दात नीट जुळत असतील तर पुष्कळांचं खाणं व्यवस्थित चालतं. पण तुमचं चालत नाहीये, भाकरी सुटलीय. म्हणून हा रस्ता तुमच्यासाठी नाही. दोन, काढायची-घालायची कवळी. ती केलीत तर धातूच्या सांगाड्याची करा, तिला कास्ट पार्शल म्हणतात. साध्या प्लॅस्टिकची हिरडीवर रुतते आणि शेजारच्या दातांची हिरडी खाली सरकवते. दोनच दाढांसाठीसुद्धा या कवळीची पट्टी जिभेखालून पलीकडच्या दातांपर्यंत जाते, त्याची सवय व्हायला महिना लागतो. फक्त एका बाजूला अडकवायचा छोटा तुकडा कुणी देऊ केला तर घेऊ नका. तो खाताना किंवा झोपेत गिळला जाण्याचा धोका असतो.

तीन, इम्प्लांट. तुमच्या बाबतीत माझा कौल यालाच, पण दोन नव्हे, एक. पहिली मोठी दाढ भरली की चावायचं बरंचसं काम होतं. तिच्यामागची रिकामी राहिली तरी चालेल. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, हाडात बसवलेला, आणि त्यावर कॅप. शेजारच्या एकाही दाताला हात लागत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टायटॅनियमला हाड घट्ट पकडतं, हे ब्रानेमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकाला १९५०च्या दशकात सशाच्या पायावर प्रयोग करताना योगायोगानं कळलं. हाडात बसवलेलं उपकरण निघेचना. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवलं. त्या गृहस्थांनी पुढे चाळीस वर्षं, अगदी अखेरपर्यंत, त्याच दातांनी खाल्लं. म्हणजे हे काही काल-परवाचं खूळ नाही.

पण तुमच्या हाडाची उंची आणि जाडी आधी सीबीसीटी स्कॅननं, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेनं, मोजायला हवी. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, तुमची एक जागा तर सहा वर्षं रिकामी आहे. खालच्या जबड्यातून ओठाकडे जाणारी एक नस असते. तिच्यापासून स्क्रू सुरक्षित अंतरावर राहायला हवा, नाहीतर ओठ आणि हनुवटी बधिर पडते. हाड कमी असेल तर आधी हाडाची भर घालावी लागते आणि खर्च वाढतो. शिवाय तुम्ही हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेत असाल, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. त्या हाडांच्या औषधांमुळे क्वचित जबड्याची जखम भरतच नाही. आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवायचं.

वरची उजवी जागा शेवटी घ्या. ब्रिज करायचा तर पुढचा-मागचा दात चारी बाजूंनी घासून लहान करावा लागतो, मग तिघांची एक जोड-कॅप बसते. शेजारचे दोन्ही दात आधीच कॅप घातलेले किंवा मोठं सिमेंट भरलेले असतील तर ब्रिज चांगला, लवकर होतो, मी आनंदानं करते. दोन्ही धडधाकट असतील तर ते घासायला माझा हात धजत नाही. एकदा घासलेलं वरचं आवरण परत येत नाही. आणि ब्रिजच्या खाली, खोट्या दाताच्या तळाशी, रोज बारीक ब्रश किंवा खास जाड दोरा घालून साफ करावं लागतं. तिथे हयगय झाली की दोन खांबांपैकी एक आतून किडतो, आणि एकाच्या जागी तीन जागा रिकाम्या होतात. वरच्या जागी इम्प्लांट करायचं म्हटलं तर वर नाकाशेजारची हवेची पोकळी येते, आणि वरचं हाड मऊ असतं, म्हणून जास्त थांबावं लागतं. मागाहून पैसे जमले की ठरवू.

आता मार्गशीर्ष. आज श्रावण लागतोय. हाताशी चारेक महिने आहेत, आणि खरं सांगते, इम्प्लांट त्यात पूर्ण बसत नाही. भाद्रपद-आश्विनात हिरड्यांचं काम, साखर, मग स्क्रू बसला तरी खालच्या जबड्यात तो हाडाशी एकजीव व्हायला तीनेक महिने लागतात, वर चार ते सहा. 'एका दिवसात दात' अशा पाट्या तुम्ही रस्त्यात वाचल्या असतील. काही निवडक रुग्णांत ते होतं, पण जुनी शुगर आणि नुकत्याच सावरलेल्या हिरड्या असलेल्या बाईवर मी ते करणार नाही. लग्नासाठी वरच्या जागेला एका दाताची, टाळूवर टेकणारी तात्पुरती काढघालीची कवळी करून घ्या. माप घ्यायला एकदा, बसवायला एकदा, झालं. बसवताना डॉक्टरांसमोर 'पंचावन्न, एकसष्ट, सहासष्ट, सदुसष्ट' मोठ्यानं म्हणून बघा. स शिट्टीसारखा वाजला तर तिथल्या तिथे घासून नीट करता येतो. लग्नाच्या पंधरा दिवस आधीपासून घाला म्हणजे जिभेला ओळख होते. रात्री काढून पाण्याच्या वाटीत ठेवा. गरम पाण्यात नाही, ती वाकडी होते. टूथपेस्टनं घासू नका, चरे पडतात. साबणाचं पाणी पुरे. आणि बेसिनवर धुताना खाली ओला टॉवेल पसरा, हातातून निसटली की तडा जातो.

पैशांचं. ऐंशी हजारांत सगळं एकदम होणार नाही, आणि करायचंही नाही. क्रम असा ठेवा: हिरड्या, तात्पुरता दात, मग खालचं एक इम्प्लांट, मग वरची जागा. खर्च लिहून मागा, आणि एकरकमी आकडा ऐकून येऊ नका. स्कॅन, स्क्रू, त्यावरचा जोड, कॅप, हाडाची भर, प्रत्येकाचा वेगळा. 'इम्प्लांट एवढ्यात' असं सांगितलेल्या आकड्यात कॅप धरलेली नसते, हे रुग्णांना मागाहून कळताना मी अनेकदा पाहिलंय. आरोग्य विम्यात दातांची कामं बहुधा बसत नाहीत, अपघात असेल तरच, म्हणून त्यावर अवलंबून राहू नका. तुम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहता, तर वडगाव बुद्रुकचं सिंहगड डेंटल कॉलेज आणि धनकवडीचं भारती विद्यापीठाचं कॉलेज तुम्हाला जवळ पडतील. कॅम्पात रंगूनवाला आहे, पिंपरीकडे डी. वाय. पाटील. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, फेऱ्या जास्त होतात, पण खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च कमी येतो आणि हिरड्यांचे, कवळी-ब्रिजचे, शस्त्रक्रियेचे असे सगळे विभाग एकाच इमारतीत भेटतात. तुमच्यासारख्या तीन प्रश्नांच्या तोंडाला हे फार सोयीचं. खाजगीत गेलात तर हिरड्यांसाठी पेरिओडॉन्टिस्ट आणि दात बसवण्यासाठी प्रॉस्थोडॉन्टिस्ट, असे एमडीएस, म्हणजे दंतशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, झालेले डॉक्टर कोण बघणार आहेत ते विचारा.

इम्प्लांट बसल्यावर त्याच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनीचं नाव, माप आणि बॅच नंबर असतो. दहा वर्षांनी कॅपचा स्क्रू सैल झाला आणि तेव्हा तुम्ही मुलीकडे दुसऱ्या गावी असलात, तर तिथल्या डॉक्टरला कुठला स्क्रूड्रायव्हर लागेल हे त्या स्टिकरवरून कळतं. कंपनीगणिक तो वेगळा असू शकतो. ते स्टिकर साखरेच्या फाइलीत चिकटवून ठेवा.

पहिल्या भेटीला जुना ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, तिन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, शुगरचा शेवटचा रिपोर्ट आणि रोजच्या गोळ्यांची पानं घेऊन जा. वेळ सकाळची घ्या, डब्याच्या ऑर्डरी त्या दिवशी कुणाकडे तरी सोपवा. आणि दात दाखवायचाय म्हणून उपाशी जाऊ नका. नाश्ता करून, साखरेची गोळी वेळेवर घेऊनच निघा. भूल दिल्यावर दोन तास काही खाता येत नाही, त्यात साखर एकदम उतरली तर खुर्चीतच चक्कर येते.